येणाऱ्याची चौकशी नाही

लालबाग,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,

नमस्कार, आणि नमस्काराखाली जे जे लिहायचं असतं ते सगळं लिहिलंय असं समज. पाकिटावरचं अक्षर बघून हे पत्र न फोडताच चुलीत घालणार असशील तर घाल बापडा, पण निदान त्यावर आंघोळीचं पाणी तरी तापव.

फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस, म्हणून कागदावर आले. शिमग्याच्या आधी भर गॅलरीत, अख्ख्या चाळीच्या देखत तू म्हणालास, "चेडवाक घोवाकडे वरळीक धाड, नायतर माका भैण नाय," आणि बॅग उचलून गावी गेलास. मी काही दर्शनाला तिच्या नवऱ्याकडे धाडली नाही. ती कुठे आहे हे मला विचारू नकोस. सुखरूप आहे, दोन वेळा जेवते, एवढं बापाला कळलं पाहिजे म्हणून लिहिते.

स्वप्नीलने कधी हात उचलला नाही म्हणून तू त्याला गुणी जावई म्हणतोस. दादा, त्याला हात उचलावा लागतच नाही. दर्शनाच्या फोनमध्ये त्याने काय घालून ठेवलं होतं देव जाणे. ती भाजी घ्यायला चार पावलं वाकडी गेली तरी याला ऑफिसात बसून कळायचं. मैत्रिणीशी काय बोलली, ते रात्री जेवताना हा तिलाच वाचून दाखवायचा, हसत हसत. शेवटी कामाला जाताना बाहेरून कुलूप लावायला लागला. ती तिथून निघाली त्या दिवशी मी पहिलं काम काय केलं असेल, तर तो फोन चिंचपोकळीच्या पुलावरून खाली रुळांवर टाकायला लावला. आपल्या लेकीच्या हातचा पाळत ठेवणारा पहारेकरी गेला, म्हणून आम्ही त्या दिवशी शिरा केला.

आता माझी गंमत ऐक. मी स्वतःची वेबसाइट केलीय. हसू नकोस. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांच्या तारा जोडल्या, म्हातारपणी एक स्वतःसाठी जोडली तर कोणाच्या पोटात का दुखावं? दादरला एका ग्रंथालयात निवृत्तांसाठी वर्ग होता, तिथे शिकले. जुना कॉम्प्युटर घेतला, तो आईच्या शिलाई मशीनच्या जागेवर बसवला, आणि त्याच्यावरच साइट चालते. म्हणजे जगात कोणीही ती उघडली तरी तो माणूस खरं तर आपल्या खोलीत येतो.

मला या बाकीच्या इंटरनेटचा उबग आलाय. गुडघ्याला लावायचं तेल एकदा शोधलं तर आठवडाभर तेलच तेल. सकाळी उठावं तर दीडशे गुलाबाची फुलं आणि सुविचार. कोणी तरी सतत मागे उभं राहून आपण काय वाचतो ते बघतंय, असं वाटत राहतं. दर्शनाचं ऐकल्यावर तर मी ठरवलंच, की असं काही तरी करायचं जिथे कोणी कोणावर नजर ठेवणार नाही. नाव ठेवलंय 'नलूची गॅलरी'. जाहिरात नाही, पासवर्ड नाही. येणारा कोण, कुठून आला, हे माझी साइट विचारत नाही आणि लिहूनही ठेवत नाही. आपल्याकडे दारात कोणी आलं की आधी गूळपाणी देतात, कोण-कुठले ते मागाहून. तसंच. पहिलीच ओळ आहे, 'आलात? बसा. पाणी घ्या.'

तब्येत जप. खोबरेल संपलं असेल तर कळव.

तुझी,
नलू


लालबाग,
३ डिसेंबर २०२४

प्रिय दादा,

उत्तर नाही. मी धरूनच चालले होते. तू लहानपणी रुसलास की माळ्यावर जाऊन बसायचास आणि आई जेवणाचं ताट शिडीवर ठेवायची. हे पत्र म्हणजे ते ताट समज.

गॅलरी छान चाललीय. बाबांच्या मिलच्या भोंग्यावर लिहिलं, आईच्या हातच्या सुरमईच्या सारावर लिहिलं. शेजारची लक्ष्मी रोज येऊन विचारते, "आज काय चिकटवलंस गो?" आपला जुना फळाही मी तिथे मांडलाय, खाली जिन्याजवळ असतो तसा. कोणाला मुलगा झाला, कोण गावी गेलं, पाणी किती वाजता येणार. चाळीतली माणसं आता दुसऱ्या माळ्यावरून खाली उतरण्याऐवजी ते पान उघडतात. आळशी मेले.

तुझ्यासाठी मी एक वेगळं पान केलंय. मागचं पान. पुढून तिकडे जायला वाट नाही. पत्ता माहीत असेल त्यालाच उघडतं. तो पत्ता या पत्राच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहिलाय आणि जगात दुसऱ्या कोणालाही दिलेला नाही. लक्ष्मीलासुद्धा नाही. त्या पानावर मी आमच्याकडच्या एका पाहुणीबद्दल रोज दोन ओळी लिहीन. नाव लिहिणार नाही. तू समजून घे.

खाली एक चौकट आहे, तिच्यात लिहिलंस की मला दिसेल. आणि पान कोणी उघडलं की एक आकडा वाढतो. माझं उघडणं तो मोजत नाही. एवढीच काय ती मोजणी ठेवलीय, तीही तू आलास हे मला कळावं म्हणून.

दर्शना म्हणते, आत्या, बाबा काही बघणार नाहीत. मी म्हटलं, बघेल. बघ, लिहून गेले. आता खोडत बसत नाही. हो, ती माझ्याकडेच आहे. दुसरीकडे कुठे जाणार होती?

तुझी,
नलू


लालबाग,
२० डिसेंबर २०२४

दादा,

आलास तर.

माझं पत्र तुला कधी पोचेल याचा मी हिशोब केलाच होता, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या पानाचा आकडा शून्याचा एक झाला. मी चहा तसाच टाकून दर्शनाला हाक मारली. ती केस विंचरत होती, फणी केसात तशीच अडकवून आली. आम्ही दोघी त्या एका आकड्याकडे बघत बसलो. तिला रडू आलं. मला आलं नाही असं मी लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू?

तेव्हापासून रोज सकाळी एक. तू उठून, दात घासून, चहाच्या आधी उघडत असशील. परवा चौकटीत लिहिलेलंही दिसलं. 'वाचतो आहे.' एवढंच. दोन शब्द. तुझ्या तोंडून दोन शब्द काढायलासुद्धा पूर्वी सण यावा लागायचा, त्यामानाने बरं आहे. मात्र 'नले' म्हणायला अजून जीभ वळत नाही वाटतं. आणि काय रे, गावी जाऊन अगदी साहेबी मराठी लिहायला लागलास? उलटं झालं म्हणायचं.

लक्ष्मीला सांगितलं नाही, पण तिच्यासाठी नारळाच्या वड्या केल्या. काही तरी वाटायला हवं होतं.

पाहुणीचं सांगते. ती आल्यापासून दार वाजलं की भिंतीला चिकटून उभी राहायची. आता स्वतः उघडते. काल लक्ष्मीच्या नातवाला खेकसली, तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. खेकसायला माणसाच्या अंगात जोर लागतो.

तुझी,
नलू


लालबाग,
१२ जानेवारी २०२५

प्रिय दादा,

तू कागदावर लिहीत नाहीस, पण चौकटीत आता बरंच लिहायला लागलायस. मी रोज सकाळी तेच आधी बघते, देवाला दिवा नंतर.

तू विचारलंस, 'ती दिवसभर काय करते? बाहेर पडते का?' मी पानावर लिहिलंच आहे. परळला दातांच्या डॉक्टरकडे ती आता बसते, फोन घेते, पेशंटांना नंबर देते. सकाळी पुलाखालून चालत जाते, संध्याकाळी दिवेलागणीला परत. तू विचारलंस, 'एकटी जाते?' एकटीच रे. लहान आहे का आता? तू विचारलंस, 'केस अजून लांब आहेत का?' हे वाचून माझा जीवच कासावीस झाला. तिची वेणी तूच घालायचास, वहिनी गेल्यावर. केस कापले तिने, खांद्यापर्यंत. तेही लिहिलं. एक फोटोही लावला, पाठमोरा, गॅलरीत कपडे वाळत घालताना.

दुसरी चांगली बातमी. वरळीच्या त्या खोलीला दिवाळीपासून कुलूप आहे म्हणे. लक्ष्मीचा भाचा तिकडेच राहतो, त्याने सांगितलं. स्वप्नीलने काम घरूनच घेतलंय, आणि कुठे तरी बाहेरगावी जाऊन राहिलाय. दर्शनाने हे दोनदा विचारून घेतलं. मग आम्ही दोघी कितीतरी महिन्यांनी प्रभादेवीला सिद्धिविनायकाला जाऊन आलो. येताना तिने गजरा घेतला.

एकच गोष्ट तुला सांगून ठेवते, हसशील. काल ती चौकटीतलं वाचून म्हणाली, "आत्या, बाबांनी असं विचारलं असतं का गं?" मी म्हटलं, "कसं?" ती म्हणाली, "काय माहीत. बाबा रागवायचे. यात राग नाहीच." मी तिला झापलं. म्हटलं, बाप एवढा विरघळलाय तर त्याचाही संशय? त्या माणसाने तुला संशयाची सवय लावून ठेवलीय.

तुला म्हणून सांगते, मग मलाही जरा चुकल्यासारखं वाटलं. पण त्या पानाचा पत्ता दुसऱ्या कोणाकडे आहेच कुठे? विचार केला आणि सोडून दिला.

तुझी,
नलू


लालबाग,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,

तुझा निरोप वाचला. 'तिला भेटायचं आहे. घरी नको, चाळीत सगळे बघतात. बाहेर कुठेतरी.'

दर्शना वाचून उठली. भांडी घासून आली, हात पुसले आणि म्हणाली, "हिंदमाताला चालेल का विचार." तुला आठवत असेलच. दिवाळी आली की तू तिला कापड घ्यायला हिंदमाताला न्यायचास, आणि कोपऱ्यावरच्या त्या जुन्या दुकानात ती गादीवर झोपून जायची. तिथेच ठरवू. शनिवारी, आठ तारखेला, संध्याकाळी पाचला. मी पानावर लिहिलंय, आणि तू 'ठीक' म्हणून उत्तरही दिलंयस. तरी मी हे पत्र टाकतेय. आमच्या एक्स्चेंजमधली सवय, की तोंडी निरोपाला कागद जोडायचा. शनिवारच्या आत मिळालं तर मिळालं.

तू आणखी एक लिहिलंस. 'तू येऊ नकोस. फक्त ती.'

ते मला लागलं, कबूल करते. माझ्यावरचा राग काही गेला नाही म्हणायचा. पण बापलेकीच्या मध्ये आत्याने कशाला तडमडावं, हेही खरंच आहे. तुम्ही बोला. नंतर तिला चाळीच्या तोंडाशी सोडलंस तरी चालेल, वर यायची जबरदस्ती नाही. मी जेवणात बांगड्याचं तिखलं करणार आहे. वास खालपर्यंत येईल.

ती हिरवा ड्रेस घालणार आहे. गर्दीत चटकन दिसावी म्हणून तू विचारलंस, म्हणून सांगितलं.

तुझी,
नलू


लालबाग,
१६ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुझ्या शेजारच्या अंबिकेच्या फोनवरून आपण बोललो ते धड बोलणं नव्हतं. तू रडत होतास आणि मी ओरडत होते. म्हणून झालेलं सगळं नीट लिहिते. अंबिकेच्या नावावर टाकतेय, तीच तुला आणून देईल.

शनिवारी दर्शना साडेचारला निघाली. मी मासे धुवायला घेतले. हाताला स्वस्थता नव्हती, म्हणून हात पुसून कॉम्प्युटरपाशी गेले. मागच्या पानाच्या चौकटीत नवीन काही तरी होतं. ते मला आता पाठ झालंय.

'नले, मी रमाकांत. मी आज पयल्यांदाच लिवतंय. आदी लिवलेला माझा न्हय. माका डोळ्यांनी दिसत नव्हता, तुझी पत्रां जावई वाचून दाखवी. तो दिवाळीपासून हयच रवता. आज पट्टी सुटली, तुझा पत्र मी स्वताच्या डोळ्यांनी वाचलंय. तो काल माझो फोन घेवन मुंबयक गेलो, ह्या अंबिकेच्या फोनार लिवतंय. चेडवाक सांभाळ.'

तू मला फोनवर सांगितलंस की तो तुला माझी पत्रं वाचून दाखवायचा, तेव्हा ती लहानच असायची. पाऊसपाणी, गुडघेदुखी, खोबरेल. दर्शनाचं नाव त्यात कधी नसायचं. मला ते डोळ्यांसमोर दिसतं. तू आरामखुर्चीत, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि तो समोर बसून मधलंमधलं गाळून वाचतोय. आणि तुझ्या पाठीमागे, तुझ्या ओटीवर बसून, तुझ्या नावाने मला विचारतोय की केस लांब आहेत का.

मी लक्ष्मीला ओढत नेली. टॅक्सी पुलाखाली अडकली, तशा उतरून आम्ही चालतच सुटलो. दुकानात शिरले तर गादीवर स्वप्नील बसला होता. पुढ्यात साड्या पसरलेल्या, हातात दुकानदाराने दिलेला चहा. मला बघून उठला, वाकून नमस्कार केला. म्हणाला, "या आत्या. बसा. पाणी घ्या."

दादा, माझी ओळ त्याने मला म्हणून दाखवली.

मी विचारलं, "दर्शना कुठे आहे?" तो म्हणाला, "येईल ना. हिरवा ड्रेस घालून येणार होती ना?" आणि एक मोरपंखी साडी माझ्याकडे धरून म्हणाला, "ही कशी दिसेल तिला? आता केस लहान आहेत, तर रंग जरा गडदच बरा." दुकानदार हसला. त्याला वाटलं, किती हौशी नवरा आहे.

ती आमच्या आधी येऊन गेली होती. दारातून आत पाऊल टाकताना समोरच्या मोठ्या आरशात तिला त्याची पाठ दिसली. तिथे साड्या दाखवणारी एक मुलगी आहे, तिला दर्शनाने फक्त एवढंच म्हटलं, "मला मागून जायला दार आहे का?" त्या मुलीने काहीही विचारलं नाही, हाताला धरून गोदामातून मागच्या गल्लीत काढलं. ती एका ठिकाणी गेली. माझ्या नोकरीतली एक मैत्रीण आहे, तिच्याकडे. गाव लिहीत नाही, तुलाही सांगत नाही. रागावू नकोस.

पोलिसांकडे गेलो. ते म्हणाले, नवरा दुकानात बसून साड्या बघत होता, यात आम्ही काय लिहायचं? तरी तक्रार घेतली. वेबसाइट वाचणं गुन्हा नाही, असंही त्यांनी समजावून सांगितलं. बरोबरच आहे. ये, बस, वाच, असं मीच लिहिलं होतं.

आता माझं ऐक. साइट मी बंद केलेली नाही. तुझा निरोप पुसलाय, म्हणजे पान अजून तूच वाचतोस असं मी समजते, असं त्याला वाटेल. मागच्या पानावर रोज दोन ओळी लिहिते, पाहुणी परत आलीय म्हणून. घाबरलीय, घराबाहेर पडत नाही, आज भात खाल्ला, आज लक्ष्मीकडे टीव्ही बघितला. भात मी खरंच दोघींचा लावते, वासही दोघींचा यावा म्हणून. तिचा ओला ड्रेस गॅलरीत वाळत घालते. समोर पानवाल्याशेजारी तो उभा असतो, चाळीने त्याला बघून ठेवलंय. आणि सकाळी आकडा एकने वाढतो. तो वाढला की मी देवाला नमस्कार करते. तो वाचतोय तोवर तो इथेच शोधतोय.

तुझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन उरकून घे. सोबत अंबिका असू दे. तुझी लेक तुला स्वतः पत्र लिहिणार आहे, मीच तिला सांगितलंय. एवढं तुला मिळायला हवं.

तुझी,
नलू


लालबाग,
११ मार्च २०२५

दादा,

हे अंबिकेच्या नावावर पाठवतेय. अंबिके, तू स्वतः वाचून दाखव, सगळं वाच, काही गाळू नकोस.

तीन दिवस आकडा वाढला नाही.

पहिल्या दिवशी मला वाटलं, लाइन गेली असेल. लाइन होती. दुसऱ्या दिवशी पानवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "तो माणूस? परवापासून नाय दिसला." लक्ष्मी म्हणाली, कंटाळला असेल, सुटलो आपण. तिने देवापुढे साखर ठेवली. मी रात्रभर भिंतीला टेकून बसले होते.

आज अंबिकेला फोन केला. ती म्हणाली, "काकांच्या डोळ्याक पट्टी आसा. मी दोन दिस माहेराक गेललंय. आज इलंय तर शेजारी म्हणतत, जावई येवन गेलो. पोस्टमनान पत्र त्याच्याच हातात दिल्यान." मी विचारलं, कोणाचं पत्र? ती म्हणाली, "दर्शनाचा. काकांच्या उशाशी आसा. पाकीट तेवढा नाय."

दादा, पत्रात पत्ता लिहायचा नाही हे मी तिला दहादा बजावलं होतं. तिने लिहिलाही नाही. पण पेटीत पत्र टाकलं की तिथलं पोस्ट पाकिटावर आपला शिक्का मारतं, गावाच्या नावाचा. तुझ्या घरी आलेलं पत्र तुझ्या हातात पडण्याआधी दुसऱ्याच्या हातात पडतं, हे मला एकदा कळलं होतं आणि तरी मी तिला लिहायला सांगितलं. तुला तिचं अक्षर मिळावं म्हणून.

त्याने तुला ते वाचून दाखवलं का? दाखवलं असेल तर काय काय वाचलं? तुला राग येईल असं विचारतेय, पण मला माहीत असायला हवं.

दर्शनाकडे फोन नाही. मीच टाकायला लावला, आणि नवीन घेऊ दिला नाही. मैत्रिणीकडे जुना घरचा फोन आहे. सकाळपासून लावतेय. जन्मभर मी हेडफोन लावून बसले, फोन बंद असला, तार तुटली असली, कोणी रिसीव्हर बाजूला काढून ठेवला असला, प्रत्येकाचा आवाज मला वेगळा कळतो. यातलं काहीच नाही. तिकडे घंटी व्यवस्थित वाजतेय.

लक्ष्मी खाली गाडी बघायला गेलीय. आता हाक मारतेय. आणखी एकदा लावून बघते आणि तिच्याकडे निघते.

नलू